कूलरकडे निघालेली बिऱ्हाडं

एका बाईच्या नोकरीची बारा वर्षं मी एकदा 'येस'चं बटण दाबून पुसून टाकली. रागाच्या भरात वगैरे काही नव्हतं. शांतपणे, कर्तव्य म्हणून, चष्मा नाकावर नीट बसवून दाबलं. मग सर्व्हरच्या खोलीला कुलूप घातलं, ऑटो केला, घरी जाऊन कढी-खिचडी जेवले आणि ढाराढूर झोपले. गुन्हेगाराला झोप लागत नाही म्हणतात. ज्याला गुन्ह्याचा पत्ताच नसतो त्याला फार छान लागते.

हे सगळं परवा आठवलं ते नातीमुळे. तिचा फोन हरवला. ती ढिम्म, मीच रडकुंडीला आले. तिने नवा फोन आणला, नाव टाकलं, पासवर्ड टाकला, आणि चहा होईपर्यंत तिचे फोटो, तिच्या मैत्रिणी, तिची न वाचलेली सगळी निरोपानिरोपी त्या नव्या फोनमध्ये हजर.

"आजी, तुला नाही कळणार हे," ती म्हणाली.

"अगं ए, तू पाळण्यात होतीस तेव्हा तुझी आजी हाच उद्योग करत होती. चौदा मशीन आणि तेवीस माणसांचा!"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी विमान चालवत होते म्हणाले.

तेव्हा मी पंचेचाळिशी ओलांडलेली होते आणि एका निमसरकारी कार्यालयात कॉम्प्युटरची इन्चार्ज होते. मूळची टंकलेखिका. माझी बोटं जोरात चालायची म्हणून साहेबांना वाटलं डोकंही चालत असेल, आणि त्यांनी मला पंधरा दिवसांच्या ट्रेनिंगला पाठवलं. पंधरा दिवसांत माणूस धड पोहायला शिकत नाही, मी नेटवर्क शिकून आले. येताना एक प्रमाणपत्र आणलं, त्याला फ्रेम केली आणि गळ्यात एक किल्ली अडकवली. ती सर्व्हरच्या खोलीची.

त्या किल्लीचं महत्त्व बाहेरच्या माणसाला कळायचं नाही. आमच्या अख्ख्या ऑफिसात एसी एकच, आणि तो सर्व्हरला. साहेबांच्या खोलीतसुद्धा कूलरच होता. सर्व्हर तापला तर बंद पडतो, असं मी लेखी कळवलं होतं. माणूस तापला तर काय होतं हे कुणी विचारलं नाही. एप्रिल संपत आला की मला त्या खोलीत एकाएकी फार कामं निघायची. दार लोटून मी आत बसायची, सर्व्हरच्या हिरव्या दिव्याकडे गंभीरपणे बघत, आणि मांडीवर मटार सोलायची. (मटार तेव्हा कुठला, गवार असेल. पण भाजी निवडायची हे नक्की.)

बाहेर हॉलमध्ये मात्र एकच मोठा कूलर. पूर्वेच्या खिडकीत बसवलेला, गवताच्या ताट्यांचा, सुरू झाला की एखादी बस उभी राहिल्यासारखा आवाज करणारा. त्याचा वारा फक्त चार टेबलांपर्यंत पोचायचा. बाकी दहा टेबलांवर नुसता आवाज पोचायचा. म्हणून मे महिना लागला की आमच्याकडे एक अलिखित रिवाज होता. जेवणानंतर पाळीपाळीने लोक आपापली टेबलं सोडून कूलरकडच्या चार टेबलांवर यायचे. पाण्याची बाटली, चष्मा, रुमाल, एखादी फाइल. नवतपा, म्हणजे मेअखेरचे ते भाजून काढणारे नऊ दिवस, सुरू झाला की पाळीही उरायची नाही, ज्याचं बीपी जास्त त्याचा हक्क पहिला. आमच्या ऑफिसात मे महिन्यात सगळ्यांचंच बीपी वाढायचं.

माणूस टेबल बदलायचा, पण त्याचं काम जुन्याच मशीनमध्ये राहायचं. मग पेनड्राइव्ह घेऊन येरझाऱ्या, आणि पेनड्राइव्हमधून व्हायरस. यावर मी ट्रेनिंगमध्ये शिकलेला उपाय काढला. रोमिंग प्रोफाइल. म्हणजे असं, की तुम्ही कुठल्याही मशीनवर बसा, तुमचं नाव आणि पासवर्ड टाका, की सर्व्हरवरून तुमचं सगळं सामान तिथे येऊन मांडलं जातं. तुमच्या फाइली, तुमची चित्रं, तुमचे सगळे आयकॉन तुम्ही ठेवले होते तिथेच. काम झालं, बाहेर पडलात, की सामान पुन्हा सर्व्हरवर जातं. मी हॉलमध्ये उभी राहून सगळ्यांना समजावलं, "विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर असतं ना, तसं."

हे बोलले ते बोलले. त्या दिवसापासून ऑफिसात रोमिंग प्रोफाइल हा शब्द कुणी उच्चारला नाही. "मॅडम, माह्यं बिऱ्हाड उघडून नाही राहिलं जी." "मॅडम, याच्या बिऱ्हाडात माह्यी फाइल कशी गेली?" आस्थापना विभागातल्या एका मुलीने भाच्याच्या लग्नाचे सगळे फोटो डेस्कटॉपवर ठेवले होते. ती जिथे बसेल तिथे ते अख्खं लग्न सर्व्हरवरून उतरायचं. ती सकाळी पासवर्ड टाकून चहा प्यायला जायची, परत यायची तेव्हा वरात अजून दारातच. मी परिपत्रक काढलं: "कर्मचाऱ्यांनी डेस्कटॉपवर लग्न ठेवू नये." त्यावर साहेबांची सही आहे. साहेब पुण्याकडून बदलून आले होते, नागपूरच्या उन्हात जे काही समोर येईल त्यावर सही करायचे.

आणि आता माझ्या मूर्खपणाकडे येते. मला संध्याकाळी फेरी मारायची सवय होती. घरी झोपण्याआधी गॅस पाहायचा, नळ पाहायचा, मागच्या दाराची कडी पाहायची, तसं सहा वाजता सगळे गेले की मी चौदाही मशीनसमोर जायची. लोक निम्मे तसेच चालू टाकून जायचे. मी एकेक बंद करायची. कुणाची फाइल उघडी असली की मशीन विचारायचं, केलेले बदल सेव्ह करायचे का? येस, नो, की कॅन्सल? मी दरवेळी येस. दुसऱ्याचं काम वाया जाऊ नये, एवढीच भावना. मनात म्हणायचीही, 'काय बेफिकीर लोक आहेत, मी नसते तर यांचं काय झालं असतं!' मी नसते तर त्यांचं फार बरं झालं असतं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नाही.

आमच्याकडे एक शिपाई बाई होती. रोज उमरेडहून एसटीने यायची, म्हणून सगळे तिला उमरेडवाली म्हणायचे. चव्वेचाळीस वर्षांची, काटक, बोलायला फटकळ. बारावी झालेली. मुलं मोठी झाल्यावर तिने टायपिंगची परीक्षा दिली आणि पास झाली. शिपायातून कारकून होण्यासाठी आमच्याकडे थोड्या जागा असायच्या, त्या ज्येष्ठता यादीतल्या पहिल्या दहांमधून भरायच्या. वयाची अट पंचेचाळीस. म्हणजे ही तिची पहिली संधी होती आणि हीच शेवटची. पुढच्या वर्षी तिचं वय उलटणार.

आणि यादीत तिचा नंबर होता एकोणीस. कारण ती आधी भिवापूरच्या उपकार्यालयात बारा वर्षं होती, आणि तिथून बदलून आली ती तारीखच कुणीतरी तिची नेमणुकीची तारीख म्हणून लिहून ठेवली होती. तिने अर्ज केला, जुने कागद आणून दाखवले. बडे बाबूंनी, म्हणजे आमच्या हेडक्लार्कनी, ते तपासून मान्य केले. दुरुस्ती झाली की ती एकोणिसावरून सातवर येणार होती. यादी दुरुस्त करायची मुदत होती एका बुधवारी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत. गुरुवारी सकाळी यादी मुंबईच्या मुख्य कार्यालयात रवाना व्हायची होती.

बडे बाबू निवृत्तीला आलेले. त्यांचा कॉम्प्युटरवर विश्वास नव्हता, पण स्वतःवर पूर्ण होता. त्या बुधवारी दुपारी ते कूलरपाशी येऊन बसले. साडेचारच्या सुमारास उमरेडवाली त्यांच्या मागे उभी होती, हे मी स्वतः पाहिलं आहे, कारण मी तेव्हा सर्व्हरच्या खोलीतून चहासाठी बाहेर आले होते.

"सात," बडे बाबू मान न वळवता म्हणाले. "पाह्य. सात. झालं समाधान?"

"नीट पाहून घ्या जी. चष्मा लावून पाहा."

"अवं, चष्मा लावूनच पाहून राहिलो मी. जाय आता, पाणी आन."

दुसऱ्या दिवशी गुरुवारी सकाळी बडे बाबूंनी प्रिंटरशेजारच्या आपल्या नेहमीच्या मशीनवरून यादी छापली, साहेबांनी सही केली, डाक गेली. एक प्रत नोटीस बोर्डावर लावायची असते. ती लावायचं काम शिपायाचं. तर उमरेडवालीनेच चार पिना घेऊन ती यादी बोर्डावर लावली, आणि लावता लावता वाचली. सातव्या क्रमांकावर दुसराच कुणी. ती एकोणिसावर.

ती सरळ माझ्याकडे आली. सर्व्हरच्या खोलीत न विचारता शिरणारी ती एकटीच.

"मॅडम, तुमच्या मशिनीत सारं राहते म्हणता न?"

"राहतं."

"मंग काल मी सातवर होती, थे काहून नाही राहिलं?"

मी हॉलमध्ये गेले. बडे बाबू यादी डोळ्यांजवळ धरून उभे होते. "मी केलं होतं," ते म्हणत होते. "काल केलं. हिच्यासमोर केलं. सेव्ह केलं. कूलरजवळ बसून केलं."

आणि मी काय म्हटलं असेल? पदराचं टोक खोचून, अख्ख्या हॉलसमोर मी म्हटलं, "बडे बाबू, मशीन चुकत नाही. माणूस चुकतो. तुम्ही सेव्ह करायचं विसरलात."

"मी विसरलो?"

"वय होतं माणसाचं."

हे वाक्य मी उच्चारलं. आज माझं वय त्यांच्या तेव्हाच्या वयापेक्षा जास्त आहे आणि मी चष्मा कपाळावर ठेवून घरभर चष्मा शोधते. पण तेव्हाची ती किल्लीवाली बाई! तिला कुणीतरी एक कानाखाली द्यायला हवी होती. कुणी दिली नाही, कारण सगळ्यांची बिऱ्हाडं तिच्या ताब्यात होती.

साहेबांनी मुंबईला फोन लावला. तिकडून कळलं, मुदतीनंतर केलेली दुरुस्ती चालणार नाही. पण दुरुस्ती मुदतीच्या आत झाली होती आणि चुकून जुनी यादी गेली, असा पुरावा असेल तर सोमवारी बैठकीच्या आधी शुद्धिपत्र पाठवा. पुरावा काय देणार? बडे बाबूंनी आपल्या मशीनमध्ये यादी उघडून दाखवली. एकोणीस. सर्व्हरवर मी उघडली. एकोणीस. ऑफिसात कुजबुज सुरू झाली, की बडे बाबूंनी सातव्या नंबरवाल्याचं ऐकलं असेल. बडे बाबूंच्या कानावर ते गेलंच. दुपारी त्यांनी डबा उघडला नाही.

शुक्रवारी सकाळी ते माझ्या टेबलाशी आले, एकदम हळू आवाजात म्हणाले, "मॅडम, मी लिहून देतो. का मीच विसरलो म्हणून. रातभर इचार केला. आता मलेच नाही वाटून राहिलं का मी केलं होतं म्हणून. परवा मी घरून छत्री घेऊन निघालो होतो, मे महिन्यात. डोकं चाललं असन माह्यं."

उमरेडवाली मागे उभी होती. ती म्हणाली, "डोकं ठिकानावर हाये तुमचं. मी पाह्यलं होतं. सात होतं. मी काही झोपेत नव्हती."

हे दोघं गेल्यावर मी पहिल्यांदा शंका म्हणून सर्व्हरवरची फाइल नीट पाहिली. आतलं नाही, फाइलची वेळ. बुधवार, संध्याकाळी सहा वाजून पाच मिनिटं.

मी हजेरीपट पाहिला. बडे बाबू पावणेसहाला सही करून गेले होते. बाकीचेही गेले होते. सहा वाजून पाच मिनिटांनी ऑफिसात कोण होतं? चौकीदार गेटवर. आणि वर, हॉलमध्ये, एकेका मशीनसमोर उभी राहून येस, येस करत फिरणारी मी.

मग सगळं एकदम उलगडलं.  बुधवारी सकाळी बडे बाबूंनी आपल्या टेबलावर यादी उघडली होती, वरचा मथळा लिहायला घेतला होता आणि अर्ध्यावर सोडून जेवायला गेले होते. जेवून ते कूलरपाशी बसले. तिथे त्यांचं बिऱ्हाड पुन्हा उघडलं, त्यात यादी पुन्हा उघडली, उमरेडवालीला सातवर आणलं, सेव्ह केलं, व्यवस्थित बंद केलं. नवी यादी सर्व्हरवर गेली. पण जुन्या टेबलावर ती सकाळची यादी तशीच उघडी होती, अर्धा मथळा घेऊन. संध्याकाळी मी तिथे गेले. मशीनने विचारलं, बदल सेव्ह करायचे? मी म्हटलं, येस. आणि सकाळची शिळी यादी, सहा वाजून पाच मिनिटांची ताजी वेळ अंगावर घेऊन, सर्व्हरवर जाऊन दुपारच्या यादीवर बसली. सर्व्हर बिचारा वेळ पाहतो. नंतर आलेलं ते खरं.

मी खोलीचं दार लावून घेतलं. आणि प्रामाणिकपणे सांगते, पहिला विचार आला तो हा, की हे माझ्याशिवाय ऑफिसात कुणालाच कळणार नाही. बडे बाबू लिहून द्यायला तयार आहेत. दोन महिन्यांत निवृत्त होताहेत. माझी अजून बारा-तेरा वर्षं आहेत, गळ्यात किल्ली आहे, भिंतीवर फ्रेम आहे. एसीत बसून मला घाम फुटला होता. पाच मिनिटं मी तशीच बसले. फार तर सात.

पण मग डोक्यात दुसरी गोष्ट आली. बडे बाबूंनी लिहून दिलं तरी पुरावा कुठून येणार? त्या बाईचं काय? आणि या प्रश्नामागोमाग ट्रेनिंगमधलं एक वाक्य आठवलं, पंधरा दिवसांतलं बहुधा एकमेव जे मी जागेपणी ऐकलं होतं. बिऱ्हाड सर्व्हरवर जातं तेव्हा त्याची एक नक्कल त्या मशीनवरही मागे राहते. म्हणजे कूलरपाशच्या मशीनवर बडे बाबूंची बुधवार दुपारची यादी अजून पडून असणार! सातवाली! पण फक्त बडे बाबू पुन्हा त्या मशीनवर बसेपर्यंत. त्यांनी तिथे पासवर्ड टाकला, की सर्व्हरवरची नंतरच्या वेळेची यादी येऊन तिलाही झाकून टाकणार. बुधवारपासून ते तिथे बसले नव्हते, कारण गुरुवारी कूलरचा पंप जळला होता. नुसता पंखा गरम हवा फेकत होता, म्हणून तिकडे कुणी फिरकत नव्हतं. देवाने पंप जाळला असं मी आजही मानते.

मी हा विचार करते आहे, आणि तेवढ्यात हॉलमधून तो आवाज आला. बस उभी राहिल्यासारखा.

मिस्त्री येऊन पंप बसवून गेला होता.

मी दार उघडलं. पाहते तर नवतप्यातली अख्खी जनता बाटल्या उचलून निघालेली. आणि सगळ्यांच्या पुढे, बीपी सगळ्यांत जास्त म्हणून सगळ्यांनी वाट करून दिलेले बडे बाबू. ते त्याच खुर्चीवर बसले. रुमालाने मान पुसली. चष्मा लावला. नाव टाकलं.

"बडे बाबू! हात वर!"

मी ओरडले. अशी ओरडले, की अख्खा हॉल हात वर करून उभा राहिला. लग्नाच्या फोटोंवाली मुलगी तर टेबलाखाली गेली. मी साडी सावरत धावले. चपलेचा अंगठा तुटला, ती तिथेच सोडली, एका पायात चप्पल घालून चौदा टेबलांच्या मधून धावले आणि जाऊन की-बोर्डच बडे बाबूंच्या पुढ्यातून उचलून छातीशी धरला.

बडे बाबू हात वर करूनच बसले होते. "मॅडम, मी काय केलं आता?"

"काही नाही केलं. किती अक्षरं टाकली?"

"पासवर्डची? चार. सहाचा हाये."

"चारच ना? मग वाचलो."

"कोन वाचलं?"

आता सगळे माझ्याकडे बघत होते. साहेबही खोलीतून बाहेर आले होते. उमरेडवाली पाण्याचा जग घेऊन उभी होती. काय सांगणार? एका पायात चप्पल, छातीशी की-बोर्ड, त्याची वायर लोंबते आहे. अशा वेळी खोटं सुचतच नाही. मी सांगून टाकलं. बुधवारी संध्याकाळी मी काय केलं, सहा वाजून पाच मिनिटांनी कुठे होते, येस कशाला म्हटलं, सगळं. आणि बडे बाबू काहीही विसरले नव्हते, हेही.



मग बडे बाबूंनी हात खाली घेतले. "म्हंजे माह्यं डोकं ठीक हाये?"

"ठणठणीत."

"मंग थे छत्री?"

"त्याचं मला माहीत नाही," मी म्हटलं.

हॉल हसला. बडे बाबू हसले नाहीत. त्यांनी माझ्या हातातून की-बोर्ड घेतला, टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "वय होते म्हने माणसाचं." तेवढंच. मला वाटतं, ती कानाखाली मला तेव्हा मिळाली.

मी माझ्या स्वतःच्या नावाने त्या मशीनमध्ये शिरले आणि बडे बाबूंची मागे राहिलेली नक्कल शोधली. होती. बुधवार, चार वाजून चाळीस मिनिटं. उघडली. क्रमांक सात, उमरेडवाली. ती माझ्या खांद्यावरून बघत होती. तिने पडद्यावर बोट ठेवलं आणि बोटाचा ओला ठसा तिथे उमटला.

साहेबांनी मला खोलीत बोलावलं. माणूस चांगला होता. "तुम्ही कशाला स्वतःच्या अंगावर घेता? आपण लिहू, तांत्रिक कारणास्तव जुनी यादी पाठवली गेली."

सरकारी कागदावर यापेक्षा गोड शब्द नाही. तांत्रिक कारणास्तव. त्यात कुणीच नसतं. मी जवळजवळ हो म्हणणारच होते. पण साहेबांनी मुंबईला फोन लावून विचारलं, तर तिकडचा माणूस म्हणाला, तांत्रिक कारण असेल तर तांत्रिक समितीचा अहवाल लागेल, समिती पावसाळ्यानंतर बसते. कुणाची चूक असेल तर त्याचा खुलासा आणि शुद्धिपत्र पुरे.

मी खुलासा लिहिला. दहा-बारा वेळा लिहिला. पहिल्या मसुद्यात सर्व्हर होता, प्रोफाइल होतं, ट्रेनिंगचा उल्लेख होता, गवत कमी पडलेला कूलरही होता. साहेबांनी वाचून एकेक ओळ खोडली. शेवटी उरलं ते एवढं: "दि. अमुक रोजी कार्यालयीन वेळेनंतर मी दुसऱ्या कर्मचाऱ्याची फाइल त्यांना न विचारता सेव्ह केली. त्यामुळे दुरुस्त यादी नष्ट झाली. चूक माझी आहे." खाली सही. सोबत त्या चार वाजून चाळीसच्या फाइलचं छापील चित्र, वेळेसकट, आणि हजेरीपटाची प्रत. शनिवारी पाठवलं. मला लेखी समज मिळाली, ती माझ्या सेवापुस्तकात निवृत्तीपर्यंत होती. प्रमाणपत्राची फ्रेम मी त्या आठवड्यात भिंतीवरून काढली. तिथला पांढरा चौकोन मात्र बरीच वर्षं तसाच दिसत राहिला.

बैठक सोमवारी झाली. निकाल यायला दीड महिना लागला. तोवर बडे बाबू निवृत्तीच्या दारात होते आणि रोज सकाळी मला विचारायचे, "आली का जी डाक?" उमरेडवाली एकदाही विचारत नव्हती. पाणी ठेवायची, चहा ठेवायची, जायची. माझ्या कपात साखर कमी पडायला लागली होती, किंवा मला तसं वाटत असेल.

आदेश आला. कनिष्ठ लिपिक, आवक-जावक. टेबल प्रिंटरशेजारचं, बडे बाबू गेल्यावर रिकामं झालेलं.

पहिल्या दिवशी ती नवी साडी नेसून आली, ती तिच्याच वस्तीतल्या विणकराकडची, गडद जांभळी. मी तिचं नाव सर्व्हरवर घातलं, तिचं बिऱ्हाड तयार केलं, तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि पासवर्ड कसा टाकायचा ते दाखवलं. तिने तो पहिल्याच वेळी बिनचूक टाकला. पडद्यावर तिचं नाव आलं. मी या क्षणाची दीड महिना तयारी केली होती. घसा साफ केला आणि म्हटलं, की माझ्यामुळे तुला फार सोसावं लागलं, मला फार वाईट वाटतं, आता काही लागलं तर मला हक्काने सांग.

तिने माउसवरचा हात काढला नाही. माझ्याकडे वळून पाहिलं आणि म्हणाली,

"राग नाही जी मले तुमचा, मॅडम. तुमच्या घरी येईन, तुमच्या हातचं जेवीन, तुमाले घरी बोलावीन. पन सांजच्या टायमाले माह्या मशिनीले हात नका लावू. थे मीच बंद करीन."